प्रेमदासचं पोट

वर्ध्यालगतच्या सिंदी मेघे गावच्या बौद्ध वस्तीत तोवर सुटलेलं पोट कोणी पाहिलं नव्हतं. खपाटीला गेलेली पोटं घरोघर होती. पण खाऊन-पिऊन वाढलेलं, सदऱ्याची खालची दोन बटणं ताणून धरणारं पोट एकच, आणि ते धुरपताबाईच्या प्रेमदासचं. तो वर्ध्याच्या एका कचेरीत कारकून होता. सकाळी लहानूची सायकलरिक्षा दारात यायची, प्रेमदास बसला की ती एका अंगाला कलायची, आणि ओट्यावरून धुरपताबाई शेजारच्या आनंदाबाईला ऐकू जाईल अशा बेतानं ओरडायची, "हळू चालव रे लहान्या, सायेब बसले हायेत!"

आनंदाबाई कपाळावर हात मारायची. लेकाचं कौतुक सगळ्याच आया करतात, पण लेकाच्या पोटाचं कौतुक करणारी आई वस्तीत ही एकटीच.

पण तिचा तो अभिमान फुकटचा नव्हता. प्रेमदास चार वर्षांचा असताना नवरा गेला. लोकांच्या कपाशीच्या पराटीत निंदण करून, सरकी काढायच्या जिनात कापूस निवडून तिनं पोर वाढवलं. ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी. भाजी नसली तर कण्या आणि मीठ. शाळेतली मुलं त्याला 'काडी' म्हणायची आणि त्याच्या बरगड्या बोट लावून मोजायची. कोंड्याचा मांडा करून तिनं त्याला मॅट्रिक केलं. नोकरी लागली त्या दिवशी तिनं जाहीर केलं, की या घरात आता ज्वारी शिजणार नाही. "लय खाल्ली. सात पिढ्यांची खाऊन झाली," ती म्हणाली. पुढे छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देवांबरोबर उपासही सुटले. ते सोडायला तिला क्षणाचाही विचार करावा लागला नाही.

नोकरी लागल्यापासून घरात गव्हाच्या पोळ्या, भात, तूप, आणि सणवार नसतानाही गुळाचा शिरा. रांधायची सून कांता, पण प्रेमदासला आणि दोघी नातींना वाढायचं धुरपताबाईनंच. त्या हक्काला सुनेनं हात लावायचा नाही. प्रेमदासनं ताटावर हात आडवा धरला तर ती बोटांच्या फटीतून तूप सोडायची आणि हसायची. तोही हसायचा, आणि खायचा.

अठ्ठावन्न सालच्या थंडीत त्याला कचेरीचा जिना चढवेना. चार पायऱ्या झाल्या की कठड्याला धरून उभा राहायचा. पाण्याचा तांब्या पुरेना. मानेवर गळू झालं, ते दोन महिने भरेना. कागदावरची बारीक अक्षरं एकमेकांत मिसळायला लागली, तेव्हा तो घाबरला आणि कांता त्याला डॉक्टर वासुदेवरावांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी त्याला काट्यावर उभं केलं. अडीच मण. मग लघवी तपासली आणि म्हणाले, "साखरेचा रोग आहे. हे असंच चाललं तर आधी डोळे जातील, मग तुम्ही. अजून वेळ गेलेली नाही. अर्धा मण वजन उतरवा." आणि त्यांनी पथ्य सांगितलं. जेवताना ज्वारीची एक भाकर, अंबाडी नाहीतर दुसरी कुठली पालेभाजी, पातळ वरण. भात, तूप, गूळ, साखर बंद. कचेरीत पायी जायचं, पायीच यायचं. हे चार दिवसांचं नाही, रोजचं, जन्मभराचं.

घरी येऊन कांतानं ते सासूला सांगितलं. धुरपताबाई ऐकत गेली तसा तिचा चेहरा लाल होत गेला.

"हे औषध हाय? भाकर, अंबाडी अन् पायी चालनं? अवं, हे त मी त्याले फुकटात देत होती! ह्याच्यातून काढाले माया जलम गेला, अन् तो डाक्टर पुन्हा त्याच खड्ड्यात ढकलून राह्यला?"

"माय, डोये जातीन म्हनते तो," प्रेमदास हळूच म्हणाला.

"खानाऱ्याचे डोये नाई जात. उपाशाचे जाते. मी पाह्यलं हाय."

तिनं खरंच पाहिलं होतं, म्हणून तिच्याशी वाद घालणं कठीण होतं.

दुसऱ्या दिवसापासून कांता ज्वारी दळायला लागली. लहानूला येऊ नको म्हणून सांगितलं. प्रेमदास तासभर आधी निघून पायी कचेरीत जायचा. पहिले आठ दिवस वाटेत तीनदा बसला, मग दोनदा, मग बसेनासा झाला. सदऱ्याची बटणं सुखानं लागायला लागली. वस्तीत मात्र कुजबुज सुरू झाली. प्रेमदासची नोकरी गेली म्हणे. आनंदाबाईनं तर समोरच विचारलं, "काऊन व धुरपता, पोरगं सुकून राह्यलं, रिक्षाबी बंद. काई झालं काय?" धुरपताबाई घरात आली आणि पदर तोंडाला लावून बसली. लेकाची उतरलेली गालफडं पाहिली की तिला तो शाळेतला 'काडी' दिसायचा.

मग तिनं जे करू नये ते केलं. वाढायचा हक्क तिचाच होता. कांताची पाठ वळली की वरणात तुपाची पळी, अंबाडीत गुळाचा खडा, आणि सकाळ-संध्याकाळ बिनसाखरेच्या चहात दोन चमचे साखर. दोन चमच्यांनी कोण मरतं? तिनं ताकास तूर लागू दिली नाही. पहिल्या दिवशी प्रेमदासनं चहाचा घोट घेतला आणि क्षणभर थांबला, तेव्हा ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. पण त्यानं काही न बोलता कप रिकामा केला. आजारानं याच्या जिभेची चवच गेली, असं तिनं ठरवलं, आणि त्याचंही तिला वाईट वाटलं.

तीन महिन्यांनी पुन्हा डॉक्टरांकडे जायचं होतं. या वेळी कांताऐवजी धुरपताबाई हट्टानं बरोबर गेली. पोरगं वाळलं, आता पथ्य सोडवा, असं डॉक्टरांना ठणकावून सांगायचं तिनं ठरवलं होतं.

वजन उतरलं होतं. डॉक्टर खूश झाले. मग त्यांनी काचेच्या नळीत निळं औषध घेतलं, त्यात लघवीचे थेंब टाकले आणि नळी दिव्यावर धरली.

"पाहा आजी. निळं राहिलं तर साखर गेली."

निळं राहिलं नाही. हिरवं झालं, पिवळं झालं, आणि विटेसारखं लालभडक होऊन तळाशी बसलं. धुरपताबाई त्या नळीकडे बघत राहिली. आपण चमच्या-चमच्यानं घातलेली सगळी साखर कोणी तिच्यापुढे आणून ठेवावी, तसं तिला झालं.

डॉक्टरांचा आवाज चढला. "सांगितलं तसं जेवता ना?"

"जेवतो साहेब."

"मग ही कुठून आली? आडात नसेल ते पोहऱ्यात येईल का? खरं बोला."

प्रेमदासनं मान खाली घातली. "चुकलं साहेब. कचेरीत खातो मी. चहा, पेढा, मिळेल ते."

"दोन मुलींचा बाप तुम्ही! आंधळे झालात तर त्यांचं काय, याचा विचार केलात? मला फसवून मला काही होत नाही." मग ते धुरपताबाईकडे वळले. "आजी, तुम्ही तरी लक्ष ठेवा हो याच्यावर."

धुरपताबाईनं मान हलवली. तेव्हा बोलायचं धैर्य तिला झालं नाही, आणि त्याची लाज तिला पुढे कायम वाटत राहिली.

दोघं पायी परत निघाले. गावाबाहेरच्या बाभळीशी आल्यावर ती मटकन खाली बसली.

"कचेरीत खातं तू?"

"नाई."

"मंग खोटं काऊन बोलला?"

प्रेमदास वहाणेनं धूळ उकरायला लागला.

"तुले मालूम होतं?"

"पहिल्याच दिवशी, माय. चहा गोड होता."

"मंग पेला काऊन तू? डोये जाऊन राह्यले तुये, अन् पेला काऊन?"

तो तिच्या शेजारी धुळीतच बसला. "तू माया तोंडाकडे पाहून राह्यली होती. मी पेलो अन् तुया जीव निवला, ते मले दिसलं. लहानपनी स्वता उपाशी निजे तू, अन् मले वाढे. तुया हाताले मी कधी नाई म्हटलं नाई. आता कोन्या तोंडानं म्हनू?"

धुरपताबाई रडली नाही. ती उठली, पदर खोचला आणि आल्या वाटेनं परत चालायला लागली.

"कोठी चालली, माय?"

"डाक्टराकडे. माया लेकाले खोटारडा समजून बसला हाय तो."

प्रेमदास तिच्या मागोमाग गेला. दवाखान्यात चार रोगी बसले होते. त्यांच्यासमोरच ती म्हणाली, "सायेब, लेकरू नाई खात. मीच चारली त्याले साखर. चोरून." वासुदेवराव रागावले नाहीत. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली आणि विचारलं, "आता बंद कराल ना, आजी?" तिला हो म्हणायचं होतं, पण जमलं नाही. "पाहातो," एवढंच म्हणून ती निघाली.

संध्याकाळी कांतानं भाकरी थापल्या. धुरपताबाई वाढायला बसली. एक भाकर, अंबाडीची भाजी, वरण. तुपाचं भांडं तिनं फळीवरून काढलंच नाही. प्रेमदास जेवला. भाकर संपली, वाटी पुसून झाली, तरी त्याचा हात ताटातच राहिला. सबंध दिवसात तो चार कोस चालला होता आणि भूक खरी होती.

"माय, अर्धी देतं?"

नोकरी लागल्यापासून त्यानं कधी मागितलं नव्हतं. मागायची वेळच तिनं येऊ दिली नव्हती. टोपलीत तीन भाकरी होत्या, मऊ, वाफाळत्या. तिचा हात टोपलीत गेला. हाताला भाकर लागली. याच पोरानं पूर्वीही असंच मागितलं होतं, कितीदा तरी, आणि तेव्हा द्यायला काही नव्हतं म्हणून ती गोष्टी सांगून त्याला निजवायची. तेव्हाही 'नाही' हा शब्द तिनं त्याच्यापुढे उच्चारला नव्हता.

तिनं हात बाहेर काढला आणि टोपलीवर फडकं झाकलं.

"नाई," ती म्हणाली, आणि टोपली उराशी धरून ओक्साबोक्शी रडायला लागली.

प्रेमदास ताटावरून उठला आणि हात धुवायला गेला.