साहेबांची सावली

चौकशीच्या दिवशी दाजीने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बाहेरच्या खोलीतून पाय न वाजवता निघून जाण्याचा प्रयत्न केला. पण त्या खोलीत खाटेवर पडून असलेल्या मेहुण्याला आता ऐकत राहण्यापलीकडे काही काम उरले नव्हते.

"लग्नाला निघालात काय दाजी?" छताकडे पाहतच तो म्हणाला. पाठीला आवळलेल्या पट्ट्यामुळे त्याला कुशीवर वळता येत नसे.

"तुझ्याच."

"मग नवरदेवाला उचलून न्यावं लागेल. चौघं तरी बोलवा."

"जीभ आवर रे मेल्या!" आतून त्याची बहीण ओरडली. "सकाळी सकाळी काय बोलावं काही कळतं का?"

ती पदराला हात पुसत डबा घेऊन आली. भावाच्या पायावरची चादर तिने उगीचच सारखी केली, पायाच्या बोटांना हात लावून पाहिला. त्याने मान हलवली. अजून नुसत्या मुंग्या येत होत्या. नवऱ्यामागे ती दारापर्यंत गेली आणि आवाज खाली आणून म्हणाली,

"काय सांगणार आहात तिथं?"

"खरं तेच."

"तुमच्या साहेबाजवळही एखादं खरं असेलच की. ते नको. माझ्या भावाला खोटं पाडलंत, तर संध्याकाळी माझ्यापुढे ताट घेऊन बसू नका."

दाजीने डबा घेतला आणि चपला सरकवल्या.

दोघेही एकाच मालवाहतूक कंपनीत ट्रक चालवीत. मेहुणा नोकरीला लागला तेव्हा सवयीने त्याला 'दाजी' म्हणू लागला, आणि पाहता पाहता गेटवाल्यापासून फिटरपर्यंत सगळ्यांनी तेच संबोधन उचलले. "साऱ्या ड्रायव्हरांच्या बहिणी तुलाच दिल्यात काय रे?" असे कुणी विचारले की दाजी म्हणे, "एक दिलीय, तिचाच हिशेब जमेना." मेहुण्याला मात्र सगळे 'खार' म्हणत. पोत्यांच्या थप्पीवर तो शिडीवाचून चढे आणि ताडपत्री पसरून, दोर फेकून, इतरांची पहिली गाठ बसायच्या आत खाली उतरे. ते नाव कौतुकाने ठेवलेले होते.

कंपनीचे दोन नियम फाटकावर मोठ्या अक्षरांत रंगवलेले होते. ताडपत्री बांधल्याशिवाय गाडी बाहेर सोडली जाणार नाही. मालावर चढण्यास सक्त मनाई आहे. या दोन नियमांच्या मध्ये माणसाने उभे राहावे कुठे, याचे उत्तर म्हणून आवाराच्या टोकाला एक शेड उभारलेली होती. दोन्ही बाजूंना कठडे लावलेले उंच लोखंडी फलाट, मध्ये गाडी उभी करण्याची जागा, वर पत्रा. ड्रायव्हरने फलाटावर उभे राहायचे आणि पायाखाली घट्ट लोखंड ठेवून ताडपत्री ओढून घ्यायची, अशी योजना. आवारात दुसरीकडे सावलीचा ठिपका नव्हता. त्यामुळे त्या जागेत साहेब लोकांच्या मोटारी उभ्या राहत. मॅनेजरची करडी मोटार तर कायमची आत, वर कापडी आवरण घातलेली. ड्रायव्हर त्या शेडला 'साहेबांची सावली' म्हणत.

गाडी भरली की सुपरवायझर शेडकडे एक नजर टाकी आणि म्हणे, "मोटारी आहेत रे आत. आजच्या दिवस वरूनच बांधा." तो 'आजच्या दिवस' वर्षानुवर्षे चालला होता.

पशुखाद्याची पोती वजनाला हलकी, त्यामुळे थप्पी केबिनच्याही वर जाते. त्या दिवशी थप्पीच्या कडेला पोत्यांमध्ये एक पोकळी राहून गेली होती. मेहुण्याने ताडपत्री पसरली आणि पोकळी झाकली गेली. मग त्याच ताडपत्रीवरून दोर ओढत तो मागे सरकला. खाली दोराचे दुसरे टोक दाजीच्या हातात होते. दाजीला मेहुणा पडताना दिसला नाही. हातातला ताणलेला दोर एकदम सैल पडला, इतकेच त्याला कळले. मग गाडीच्या पलीकडच्या अंगाला आवाज झाला.

चौकशीच्या आदल्या दिवशी मॅनेजरने दाजीला केबिनमध्ये बोलावून बसायला खुर्ची दिली होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"तुमचा जवळचा माणूस. आम्हालाही वाईट वाटतंच," तो म्हणाला होता. "पण फलक फाटकावर आहे, शेड समोर आहे. तो स्वतःच्या मनाने चढला, एवढंच सांगा. खोटं बोला असं मी म्हणतच नाही. त्याला काही कुणी वर ढकललं नव्हतं ना?"

"ढकललं नव्हतं," दाजी म्हणाला.

"झालं तर मग. नव्या गाड्या येतायत, थंड केबिनच्या. एक तुमच्याकडेच द्यायचा विचार आहे." दारापर्यंत पोचवायला तो स्वतः उठला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आणि दोर तुमच्याच हातात होता, ही गोष्ट मी अजून कुणाला बोललेलो नाही."

दोष मेहुण्याचा स्वतःचा ठरला, तर त्याच्या औषधपाण्याशी कंपनीचा संबंध संपणार होता आणि नोकरीशी त्याचा. दाजीच्या एका वाक्यावर हे सारे टांगलेले होते. रात्रभर तो ते वाक्य दोन्ही बाजूंनी उलटून पाहत राहिला. मेहुण्याला कुणी ढकलले नव्हते, हे खरेच होते. ही खरी गोष्ट इतकी घाणेरडी का वाटावी, ते मात्र त्याला सांगता येत नव्हते.

मुख्य कार्यालयातून आलेली सुरक्षा अधिकारी चाळिशीची, सडसडीत बाई होती. तिने केबिनमध्ये बसायचे नाकारले, चहा नाकारला, आणि जिथे तो माणूस पडला तिथेच उन्हात उभे राहून चौकशी सुरू केली. एका बाजूला मॅनेजर आणि सुपरवायझर, समोर दाजी. भरलेल्या गाड्या मागे रांगेत उभ्या होत्या आणि त्यांचे ड्रायव्हर चाकांशी उकिडवे बसले होते. दाजीची गाडीही भरलेली, उघडीच होती.

"फलाट असताना तो मालावर का चढला?" बाईंनी विचारले.

दाजीच्या आधी मॅनेजर बोलला. "सवय, मॅडम. इथे सोय करून ठेवली तरी ही मंडळी वापरत नाहीत. अहो, त्या माणसाला सगळे काय म्हणतात ते विचारा ना."

"काय म्हणतात?"

सुपरवायझर खाली पाहत पुटपुटला, "खार."

"बघा!" मॅनेजर म्हणाला. "म्हणजे तुम्हीच समजा."

चाकांशी बसलेल्या माणसांमध्ये चुळबुळ झाली. ते नाव ज्याने ठेवले तो म्हातारा ड्रायव्हर त्यांच्यातच होता; त्याने तोंडातली काडी काढून फेकली. दाजीच्या कानशिलात रक्त चढले. रोज त्या माणसाच्या चपळाईवर यांच्या गाड्या वेळेवर सुटल्या. तो पाठ मोडून पडला, तेव्हा तीच चपळाई त्याचा गुन्हा ठरली होती.

"तुम्ही सांगा," बाई दाजीकडे वळल्या.

"फलाट होता मॅडम. मोकळा नव्हता."

"असं कसं?" मॅनेजर हसला. "सांगितलं असतं तर दोन मिनिटांत मोटारी काढल्या असत्या. कधी कुणी मागितलंय?"

"त्यानं मागितलं होतं," दाजी म्हणाला. "तुझ्या बापाची पेंड आहे काय, थांबून राहायला, असं ऐकून घेतलं होतं त्यानं."

असे कोण म्हणाले होते, हे बाईंनी विचारले नाही. सुपरवायझरचा चेहराच सांगत होता. त्यांनी शेडकडे पाहिले. "ठीक आहे. ही गाडी मला फलाटावरून बांधून दाखवा. नियमाप्रमाणे. किती वेळ लागतो, काय अडचण येते, ते मला पाहायचंय."

"आत्ता?" मॅनेजर म्हणाला.

"मी आत्ताच आलेय ना."

मग मोटारी काढण्याची धावपळ सुरू झाली. एकीची किल्ली लेखापालाकडे होती आणि लेखापाल बँकेत होता. त्याला परत बोलावले गेले. दुसरीची बॅटरी उतरलेली निघाली; ती चौघा ड्रायव्हरांनी ढकलत बाहेर नेली. "साहेब, हिलापण पाठीला पट्टा लागणार बहुतेक," म्हातारा ड्रायव्हर म्हणाला, आणि ढकलणारे हसून हसून थांबले. मॅनेजरच्या मोटारीचे आवरण काढले तेव्हा त्याच्या घडीतून एक चिमणीचे घरटे पडले. बाई हे सारे पाहत होत्या. त्यांच्या कपाळावरचा घाम हेल्मेटच्या पट्ट्याखालून ओघळत होता.

अखेर जागा रिकामी झाली. दाजी केबिनमध्ये चढला. आरशात शेडचे मोकळे तोंड दिसत होते, आणि त्याच्या मनात एक वेडा आनंद दाटून आला. इतकी वर्षे ज्या जागेला शिव्या घातल्या तिथे आज गाडी लागणार होती, सगळ्यांसमोर. त्याने रिव्हर्स टाकला. गेटवाला मागे उभा राहून हाताने दाखवू लागला: "येऊ दे, येऊ दे... सरळ... येऊ दे..."

आणि मग, "थांब! थांब!"

वर पत्रा कण्हल्यासारखा वाजला. मागची वरची पोती शेडच्या पहिल्याच आडव्या तुळईवर जाऊन टेकली होती. एक पोते फाटून त्यातली पेंड खाली जमिनीवर भुरभुरत होती. दाजीने गाडी हातभर पुढे घेतली, उतरला आणि मागे आला. गाडी वेडीवाकडी लागलेली नव्हती. शेडच ठेंगणी होती.

कुणी तरी खो खो हसले आणि एकटेच हसत असल्याचे कळून गप्प झाले.

"ही शेड झाल्यापासून एक तरी भरलेली गाडी आत गेली आहे का?" बाईंनी मॅनेजरला विचारले.

मॅनेजरने सुपरवायझरकडे पाहिले.

"उद्घाटनाला टँकर आला होता मॅडम," सुपरवायझर म्हणाला. "पाण्याचा. बुटका होता तो."

दाजी तुळईकडे पाहत राहिला. ड्रायव्हरांनी आजवर मोटारींना शिव्या दिल्या होत्या. काचेवर बोटाने अचकट विचकट लिहिले होते, एकदा कुणी तरी हवाही सोडली होती. मोटारी हटल्या की प्रश्न मिटला, असेच सगळे धरून चालले होते. त्याच्या मेहुण्याने हात जोडून जागा मागितली होती. ती त्याला मिळाली असती तरी गाडी इथेच अडली असती आणि तो त्याच पोत्यांवर चढला असता. ज्या सोयीच्या जोरावर त्याला दोषी ठरवायचे चालले होते, ती सोय कधी अस्तित्वातच नव्हती. तिचा उपयोग फक्त मोटारींना झाला होता.

बाई फलाटावर चढून तुळईचे फोटो घेऊ लागल्या. ती संधी साधून मॅनेजर दाजीच्या जवळ आला. आवाज अगदी मऊ होता.

"हे बघा, शेडचं मी पाहतो. पण हा माल संध्याकाळच्या आत पोचलाच पाहिजे. मॅडम जेवायला गेल्या की आजच्या दिवस..."

"काय साहेब?" दाजी म्हणाला.

"आजच्या दिवस वरून..."

"जरा मोठ्यानं बोला साहेब," दाजीचा आवाज आवारभर गेला. "मॅडमना ऐकू येत नाहीये."

फलाटावरचा फोटोचा आवाज थांबला. मॅनेजर मागे सरकला. त्याचा बूट सांडलेल्या पेंडीवर घसरला आणि त्याने फलाटाच्या पायऱ्यांचा कठडा धरला. तो कठडा मात्र चांगला भक्कम होता.

"तुम्ही मघाशी विचारलंत ना मॅडम, तो का चढला?" दाजी वर पाहत म्हणाला. "त्याला पाठवला म्हणून चढला. रोज पाठवतात. मलाही आत्ता पाठवत होते, तुमच्यासमोर. दोर माझ्या हातात होता. तेही लिहून घ्या, लपवायचं काही नाही. माझ्या हातात दोर होता आणि त्याच्या पायाखाली काही नव्हतं."

"तुम्ही घरच्या माणसासाठी बोलताय," मॅनेजर म्हणाला.

"दाजी आहे ना मी," तो म्हणाला. "सगळ्यांचाच."

त्याने केबिनमध्ये हात घालून इंजिन बंद केले आणि किल्ली काढली. गाडी शेडच्या तोंडाशीच उभी राहिली. रांगेतल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनेही आपली उघडी गाडी बंद केली. मग पुढची, मग तिच्या मागची. कुणी घोषणा दिली नाही. मालावर चढायचे नाही असे फाटकावर लिहिले होते, आणि कुणी चढत नव्हते.

बाई खाली उतरल्या. "माझा निष्कर्ष मला आज सांगता येणार नाही," त्या दाजीला म्हणाल्या. "पण ही गाडी इथून हलवू नका. मला मापं घ्यायचीत." एवढे बोलून त्या मॅनेजरबरोबर त्याच्या केबिनकडे निघाल्या. चालताना मॅनेजर हातवारे करून काही समजावत होता. त्या ऐकत होत्या की नाही, हे पाठमोऱ्या आकृतीवरून कळत नव्हते.

साहेबांच्या मोटारी उन्हात तापत होत्या. दाजी फलाटाच्या पायरीवर पत्र्याखाली बसला आणि त्याने घरी फोन लावला.

"काय सांगितलंत?" मेहुण्याने लगेच विचारले.

"तुला वर पाठवलं होतं, असं सांगितलं."

पलीकडे खाट करकरली.

"नोकरी जाईल तुमची, दाजी."

"बघू."

"आणि गाडी कोण बांधतंय?"

"कुणीच नाही. इथंच उभीय."

फोन बहिणीने हिसकावून घेतला असावा. "जेवलात का?" तिचा आवाज आला.

दाजीने मांडीवर डबा ठेवून झाकण उघडले.

"आता बसतोय," तो म्हणाला.