डंपरच्या रस्त्यावरची एसटी

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी कातळेवाडीच्या माथ्यावरच्या सड्यावरून बॉक्साईटचा शेवटचा डंपर खाली उतरला. वाडीतलाच उदयसिंह गावडे तो चालवत होता. चोवीस वर्षं त्यानं हा लाल दगड डोंगरावरून उतरवला होता. आता खाणीतला माल संपत आला होता आणि कंपनीची मुदतही. फाट्यावर त्यानं किल्ली कंपनीच्या माणसाच्या हातात दिली आणि सहा किलोमीटरची चढण चालत घरी आला.

नोकरी जाणार हे त्याला ठाऊक होतं. काही जोडीदार कामासाठी गोव्याला गेले, त्यानं घरच्या भाताकडं बघायचं ठरवलं. पण एक गोष्ट त्याच्या ध्यानातच आली नव्हती. खाणीच्या कामगारांची बस बंद झाली होती आणि वाडीतल्या अकरा पोरी त्याच बसनं चंदगडला कॉलेजला जात होत्या. त्यात त्याची लेक निशिगंधाही होती, बारावीला.

जुलैत चंदगडच्या पावसात छत्री टिकत नाही. पोरी फाट्यापर्यंत चालत पोचायच्या तोवर दप्तरंसुद्धा भिजलेली असायची, आणि एसटी निघून गेलेली.

"आबा, माझी प्रॅक्टिकलं बुडायला लागल्यात," निशिगंधा म्हणाली. "हजेरी भरली न्हाय तर परीक्षेला बसू देणार न्हाईत."

दुसऱ्या दिवशी उदयसिंह एसटीच्या आगारात गेला. तिथल्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली.

"पावणं, तो रस्ता कंपनीचा खासगी. त्यावर आमची गाडी जात न्हाय. आणि त्या तिसऱ्या वळणावर बस वळायची कशी?"

"मी डंपर वळवलाय की, साहेब."

"डंपरमध्ये दगड असतोय. बसमध्ये माणसं असत्यात."

पण साहेब एवढं म्हणाले, की रस्ता ग्रामपंचायतीचा झाला तर आम्ही चाचणीची एक फेरी घेऊन बघू.

तिथून तो खाणीच्या ऑफिसात गेला. मॅनेजर पार्श्वनाथ चौगुले कागदपत्रं खोक्यात भरत बसले होते.

"उदयसिंह, पावसाळा संपला की रस्ता उखडून तिथं झाडं लावायची, असा आराखडा आहे," ते म्हणाले. "पण रस्ता आम्हाला पाहिजे असा ग्रामसभेचा ठराव आला, तर मी वरून मंजुरी आणतो. ठराव तेवढा लवकर करा."

ग्रामसभा पंधरा ऑगस्टला होती. अडचण शालूबाईची होती. तिचं शेत रस्त्याच्या खालच्या अंगाला. उन्हाळ्यात डंपरची धूळ तिच्या काजूच्या मोहरावर बसायची, पावसाळ्यात रस्त्यावरचा लाल गाळ तिच्या भातात शिरायचा. रस्ता उखडणार हे कळल्यापासून ती खूश होती, आणि निम्मी वाडी तिचं ऐकायची.

उदयसिंह तिच्या घरी गेला. "आत्ती, रस्ता राहू दे. पोरींना गाडी येईल."

शालूबाई तांदूळ निवडत होती. तिनं वर बघितलं नाही. "धूळ उडायची तवा मी बांधावरनं हात करायची, हळू जा म्हणून. दिसायची का न्हाय मी तुला?"

"दिसायचीस."

"मग?"

खेपा वेळेत व्हायला लागायच्या, हे खरं होतं. पण ते कारण पुढं न करता तो उठून आला.

सकाळी तो खोरं आणि गाळ भरायला बुट्टी घेऊन शालूबाईच्या शेताच्या वर गेला. रस्त्याकडेचं गटार गाळानं बुजलं होतं, म्हणूनच पाणी तिच्या भातात उतरत होतं. भर पावसात त्यानं गाळ उपसायला सुरुवात केली. दोन दिवस तो एकटाच होता. तिसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर डंपर चालवणारा सम्राट खोरं घेऊन आला. "कुठनं धरू?" एवढंच त्यानं विचारलं.

पाचव्या दिवशी शालूबाई डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन वर आली. गटार बघितलं आणि ओरडलीच.

"आरं, तिथं उतार उलटा हाय! पाणी परत माझ्याच बांधावर यायचं. वड्याच्या अंगानं काढा."

दोघांनी तेवढा भाग पुन्हा खणला. ती हटली नाही, काठीनं रेघ ओढून दाखवत राहिली. नवव्या दिवशी पाणी ओढ्याला लागलं.

ग्रामसभेत रस्त्याचा विषय निघाला, तेव्हा सगळी शालूबाईकडं बघायला लागली. ती उठली.

"इतकी वर्षं कंपनीनं हा रस्ता आमच्या उरावरनं नेला. आता उखडायचा म्हणत्यात. का म्हणून? धूळ आम्ही खाल्ली, रस्ता आमचा. पण दर साली गटार गावानं काढायचं. तेवढं ठरावात लिवा."

तसं लिहिलं गेलं.

सप्टेंबरच्या शेवटी मंजुरी आली आणि चाचणीची बस निघाली. आगाराचे साहेब पुढं बसले होते, त्यांच्या मागं उदयसिंह, आणि आदर्श नावाचा तरणा ड्रायव्हर होता. तिसऱ्या वळणावर त्यानं गाडी थांबवली. एका बाजूला कातळ, दुसरीकडं दरी.

"सांगितलं हुतं मी," साहेब म्हणाले.

उदयसिंह खाली उतरला आणि गाडीपुढं उभा राहिला. "पोरा, दरीकडं बघू नको, माझ्या हाताकडं बघ."

"मागचं चाक कुठं हाय तेवढं सांगत ऱ्हावा, मामा."

एकदा मागं घेऊन बस वळली. पण साहेब खूश नव्हते. दर खेपेला मागं घ्यावी लागेल अशी गाडी ते वेळापत्रकात घेणार नव्हते. आदर्शनं उतरून वळण पायानं मोजलं. "आतनं चार फूट कातळ काढला तर मागं घ्यायला लागणार न्हाय, साहेब."

खाणीवर एकच पोकलेन उरलं होतं, आणि तेही त्या आठवड्यात जाणार होतं. चौगुल्यांनी ते अर्ध्या दिवसासाठी वळणावर पाठवलं. उरलेला दगड वाडीनं हातानं उचलला. पुढच्या चाचणीत बस एका दमात वळली, आणि साहेबांनी तिथंच बसल्या बसल्या सही केली.

दिवाळीनंतर गाडी सुरू झाली. संध्याकाळी साडेसहाला यायची, वाडीत मुक्काम करायची आणि सकाळी सव्वासहाला निघायची. पहिल्या संध्याकाळी ड्रायव्हर-कंडक्टरनं कुणाकडं जेवायचं ह्यावरून देवळासमोर भांडण जुंपलं. शेवटी सगळ्यांचीच ताटं देवळात आली. आदर्शला तीन घरचं मटण खावं लागलं आणि तो हात जोडून बास म्हणाला.

सकाळी धुकं होतं. अकराही पोरी गाडीत चढल्या. निशिगंधानं खिडकीची जागा धरली आणि वही उघडली सुद्धा. गाडी वळणाआड जाईपर्यंत उदयसिंह उभा राहिला. मग विळा घेऊन तो कापणीला गेला. भात वाळून खडखडीत झालं होतं, आणि सम्राट त्याच्या आधीच शेतात येऊन बसला होता.