दोनशे चौदा जागी सगुणा

विदुलानं पीएच.डी.च्या प्रबंधात बुधीबाईचं नाव बदललं त्या दिवसापासून बुधीबाईची मेलेली मुलगी आईला ओ देईना. त्याआधी रोज तिन्हीसांजेला बुधीबाई माठापाशी बसून "मी बुधी, तुझी आय" म्हणायची आणि पाण्यातून चिंगी "काय गो?" म्हणायची. कातकरवाडीत याचं कुणाला नवल नव्हतं. पोरगी वीटभट्टीवर विटांच्या थप्पीखाली गेली होती. भट्टीच्या शेठनं तापानं गेली म्हणून सांगितलं होतं. खरं काय ते बुधीबाईनं तीन उन्हाळे विदुलाच्या रेकॉर्डरला सांगितलं, एका अटीवर.

"नाव माझंच लिव, बाय. मी काय चोरी केलीय?"

विदुलानं मान डोलावली होती. पण विद्यापीठाच्या समितीला बायकांच्या आठवणी हव्या असतात, बायकांचा मात्र धसका असतो. निवेदिकेच्या सुरक्षेसाठी नाव बदलावे, असा शेरा आला. विदुलानं बुधी काढून सगुणा घातलं, दोनशे चौदा जागी, चहा निवायच्या आत.

आता रेशनकार्डावर सगुणा होतं, हातावरच्या गोंदणातही सगुणा. शेजारणी तिला पाहुणी समजून पाणी विचारायच्या. तिच्या तोंडूनही दुसरं नाव निघेना.

"मी सगुणा, तुझी आय," ती माठाला म्हणाली. माठ गप्प.

हे ऐकून विदुला प्रबंध उघडून बसली. तिनं जुनं नाव टाइप केलं, पडद्यावर सगुणा उमटलं. पेनानं लिहिलं, तर शाई वाळेपर्यंत त्याचं सगुणा झालं. शेवटी तिनं माठाजवळ रेकॉर्डर धरून पहिली मुलाखत लावली. "मी बुधी, चिंगीची आय."

"काय गो आये?"

आवाज रेकॉर्डरमधून आला. माठ कोरडा पडला होता.

"ठेव तो इथंच, बाय," बाई म्हणाली.

विदुलानं ठेवला. पण मुलाखती विद्यापीठाच्या विभागात जमा करीन, अशा कागदावर तिची सही होती. एसटीत बसली तर रेकॉर्डर पिशवीत. तीनदा परत नेऊन ठेवला, तीनदा पिशवीत. मार्गदर्शक मॅडमनी तो लोखंडी कपाटात घालून कुलूप लावलं.

"आता दहा वर्षांनीच उघडायचं. अभिनंदन, डॉक्टर."

बाई चालत विद्यापीठात आली आणि कपाटासमोर उकिडवी बसली. आतून पोरीनं विचारलं, "भाईर कोण हाय?"

विदुला खरं नाव ओरडून सांगणार होती. तिला ते आठवेना. 

बाईनं पत्र्याला ओठ लावले.

"सगुणा," ती म्हणाली.