बांधापर्यंत

"खोटारडा आहे हा मुलगा. लिहून घ्या आणि पुढे चला."

पंचवीस वर्षांपूर्वी वर्गात ऐकलेला सरांचा तो आवाज खडूच्या धुळीसकट कानात उठला, आणि हर्षालीने फोनवरचं रेकॉर्डिंग पुन्हा थांबवलं. सकाळपासूनची ही पाचवी खेप.

स्वयंपाकघराच्या फरशीवर तुरीच्या शेंगा सोलत बसलेल्या लंकाबाईंनी मान वर केली. सिन्नरकडच्या गावाहून लेकीकडे चार दिवस आल्या होत्या, पण हाताला काम नसलं की त्यांना घर परकं वाटायचं.

"काय झालं गं? चांगलं वाचत व्हतीस की."

"चांगलं नाही ना आई. तेच तर दुखणं आहे."

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी हर्षाली दर रविवारी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. यंदा एम.ए.च्या आरोहीसाठी ही जुनी, नावाजलेली कादंबरी घेतली होती, कॉलेजात सरांनी तिला शिकवलेली तीच. सोळा वर्षांचा मुलगा स्वतःची गोष्ट सांगतो आणि पानापानाला स्वतःलाच खोडतो. ताई सासरी गेली ते बरं झालं, घर मोकळं झालं, असं म्हणतो, आणि तिच्या गावच्या गाडीची वेळ मात्र तोंडपाठ. अकरावं प्रकरण तर 'त्या दिवाळीत मी ताईकडे गेलो नाही' असं सुरू होतं, आणि तिसऱ्या परिच्छेदात हा पठ्ठ्या तिच्या गावच्या फाट्यावर उतरलेला. पुढे तिच्या घराजवळच्या बांधावरून अंगणातलं सारवण अजून ओलं आहे, हेसुद्धा त्याला दिसतं.

आदल्या रविवारी वाचलेलं ते प्रकरण ऐकून आरोहीने सकाळीच निरोप पाठवला होता. "मॅडम, राग मानू नका. पण तुम्ही त्याला चोर सापडल्यासारखं वाचता. उद्या अकराला पेपर आहे, आणि हा मुलगा असं का सांगतो हे माझं मला शोधायचंय. माझ्याकडे दुसरं पुस्तक नाही, तुमचा आवाज हेच पुस्तक. आणि तो आवाज आधीच निकाल देऊन बसलाय."

हर्षालीने पाण्याचा घोट घेतला. पहिलं वाक्य खाली सोडून, दुखऱ्या सुरात वाचून पाहिलं. मग थोडं हसत, खोडकर पोराच्या तऱ्हेने.

लंकाबाई खुदकन हसल्या. "मघाशी हवालदार वाचत व्हता, आता कीर्तनकार आला. त्या पोराला बोलू दे की!"

"तोच तर धड बोलत नाही. गेलो नाही म्हणतो आणि गेलेला असतो. गेला की नाही गेला?"

"परत वाच बरं. फाट्यावर उतारला तवा त्याच्या हातात काय व्हतं?"

हर्षालीने पान मागे उलटलं. हा प्रश्न ना सरांनी विचारला होता, ना वर्गातल्या कुणाला सुचला होता. तिचं बोट ओळींवरून सरकत एका जागी थांबलं.

"'हात हलवत चालत निघालो', असं आहे."

"मंजी पिशवी नाय? चोळीचा खण नाय?"

"काहीच नाही. त्या साली त्यांचं दुकान बुडालेलं असतं."

"मग खरं बोलतंय की लेकरू."

"अगं, पण बांधापर्यंत गेला ना तो! ताई दिसली त्याला, तिच्या लुगड्याचा रंगसुद्धा सांगतो."

"बांधापरेंत." लंकाबाईंनी शेंग मोडली. "दिवाळीत भावानं बहिणीकडं जायचं मंजी काय, बांध बघून माघारी यायचं? उंबरा वलांडायचा, पाटावर बसायचं, ओवाळून घ्यायचं, तिच्या ताटात खण ठेवायचा. त्याला जाणं म्हणत्यात. ठेवायलाच काय नाय, तर सासरच्या मानसांदेखत पाटावर बसंल कसा? नाय गेला तो. तुमच्या सरांला बहीण नसंल."

हर्षालीला हसू आलं, पण ते ओठांवरच राहिलं. समासात तिच्याच कॉलेजातल्या अक्षरात, निळ्या शाईत 'खोटारडा' असं लिहिलेलं होतं. तिने पहिलं वाक्य मनात वाचलं, मग तिसरा परिच्छेद. एकाच जात्याच्या दोन दगडांसारखी ती दोन्ही एकमेकांवर बसली. भांडण नव्हतंच.

लंकाबाईंच्या तोंडून आपसूक सूर निघाला,

"दिवाळीच्या सणा, वाट बांधाशी वळली
बंधू आला बाई, ताटी वात उजळली."

"ही ओवी तू दर दिवाळीला म्हणायचीस," हर्षाली म्हणाली. "मी विचारायचे, भिमाजीमामा कधी येतो गं, मला तर कधी दिसत नाही. तू म्हणायचीस, ओवीत आला ना, बास."

"जिचा भाऊ दारात आलाय तिला ओवी कशाला लागती? ती चूल पेटवती."

हर्षाली आईकडे बघत राहिली. लंकाबाईंनी सुपातले दाणे उगाच एका बाजूला लोटले.

"वाच आता. त्या पोरीचा पेपर हाय उद्याच्याला."

हर्षालीने रेकॉर्डिंग सुरू केलं. या वेळी तिने आवाजाला काही करायला लावलं नाही. 'त्या दिवाळीत मी ताईकडे गेलो नाही', हे ती कुणी आपलं नाव सांगावं तसं वाचत गेली. फाटा आला, बांध आला, ओलं सारवण आलं. मुलगा बांधावर उभा राहिला. मग ते वाक्य आलं.

"'ताईने मला पाहिलं नाही. नाही पाहिलं तेच बरं झालं.'"

"पाह्यलं व्हतं."

हर्षालीचा अंगठा रेकॉर्डिंग थांबवायला गेला आणि काचेवर अधांतरी राहिला. फोनवर आकडे पुढे सरकत होते. लंकाबाईंच्या हातातली शेंग अर्धी सोललेली.

"मी हिरीवर व्हते. पंधरा-सोळा वर्साचा आसंल तवा भिमाजी. वरल्या बांधावर उभा, उन्हात, हात मोकळे. सासू दारातच बसलेली. मी हाक मारली आसती तर त्याला तसंच आत यावं लागलं आसतं."

"मग?"

"मग काय. पाठ केली त्याच्याकडं. घागर भरलेली व्हती, ती वतून दिली अन् परत भरीत बसले. त्याला वाटावं, हिनं बघितलंच नाय. मान वर केली तवा बांध रिकामा." त्यांनी पदराच्या टोकाने हात पुसले, कोरडेच होते तरी. "फुडं लगीन झालं त्याचं, पोरंबाळं झाली. चार लगनात भेटलो. त्यानं कदी इषय काढला नाय, मी बी नाय. आता त्यो गेल्याला सात वर्सं झाली."

हर्षालीने अंगठा काचेवरून मागे घेतला.

"पाह्यला व्हता गं मी त्याला," लंकाबाई म्हणाल्या. "पाठ करायच्या आधी डोळं भरून पाह्यला व्हता."