मालकाला फोन

भरधाव गाडी चालवल्याबद्दल शिक्षा झालेल्यांसाठी कोर्टाने दोन दिवसांचा वर्ग सक्तीचा केला होता. तो आखायचं काम वाहतुकीचे नियम शिकवणाऱ्या एका बाईंकडे आलं. पहिल्या सकाळी त्यांनी अपघातांचे फोटो दाखवले. मागच्या बाकावरचा टेम्पोवाला जांभई देत म्हणाला, "बाई, असलं आम्ही रोज बघतो. प्रत्येकाला वाटतं, आपलं नाही असं होणार."

"मग पकडले गेलात त्या दिवशी तुम्ही कशाने थांबला असता?"

तो म्हणाला, "मालकाला 'उशीर होईल' म्हणायची छाती असती तर."

बाईंनी फोटो आवरून ठेवले. दुपारभर त्या स्वतः मालक झाल्या आणि एकेकाकडून तो 'उशीर होईल'चा फोन त्यांनी करवून घेतला. टेम्पोवाल्याची जीभ तिसऱ्या खेपेला वळली.

सहा महिन्यांनी तो पुन्हा शिक्षा होऊन वर्गात आला, मान खाली घालून. "फोन केला होता, बाई. मालक म्हणाला, वेळेत ये, नाहीतर घरी बस."

बाई त्याला रागावल्या नाहीत. त्यांनी वर्गाला तिसरा दिवस जोडला आणि त्या दिवसाचं बोलावणं वर्गातल्या सगळ्यांच्या मालकांना धाडलं. पाचजण आले. टेम्पोवाल्याचा मालक काही फिरकला नाही.