चर्चच्या दारातला उजवा बूट

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो. उजव्या पायाचा. माझा जोडीदार डावाही इथेच आहे, पण तो फारसा विचार करत नाही, म्हणून बोलायचं काम माझ्यावर आलं. ते मला नीट जमेल असं वाटत नाही. बुटाने जमिनीकडे बघत चालायचं असतं. कोणी ऐकतंय या कल्पनेनेच माझी जीभ आत वळते. तरीही सांगतो, कारण ही गोष्ट दुबईत दुसराच एक माणूस सांगत फिरतो आणि तो ती खोटी सांगतो.

माझा जन्म इटलीत झाला. निदान खोक्यावर तसं छापलं होतं. छापलेल्यावर विश्वास ठेवायची माझी जुनी खोड आहे. माझ्यात लाकडी पाय घालून मला आकार दिला, कडेने शिवण घातली, तळ चिकटवला आणि इतकं पॉलिश केलं की दिव्याला माझ्यात आपलं तोंड दिसावं. मग मी दुबईच्या करामा बाजारातल्या एका दुकानात काचेमागे येऊन बसलो. माणसांची पारख मला तिथेच झाली, आणि पारख झाल्यावर आदर संपला. येणारा प्रत्येक जण आधी मला उलटा करून किंमत बघायचा, मग मोठ्याने दिरहॅमचे रुपये करायचा, आणि शेवटी पाय न घालताच म्हणायचा, "छे, हा चावणार."

२००४च्या उन्हाळ्यात उपेंद्र सावंत आपल्या वडिलांना घेऊन दुकानात आला. वडिलांचं नाव बाबाजी. कोकणातून नुकतेच आले होते, पायांत चपला.

"बाबा, हा घालून बघा. युरोपात थंडी असते, चप्पल चालणार नाही."

"एवढा भारी कशाला? तुझा एखादा जुना असला तर दे."

"अहो, टूरला अख्खं ऑफिस येतंय. राजन सर येतायत. जरा नीट दिसायला नको का?"

म्हणजे मी बाबाजींसाठी नव्हतोच. मी राजन सरांसाठी घेतला गेलो. राजन हे उपेंद्रचे साहेब, आणि उपेंद्रला त्या वर्षी मॅनेजर व्हायचं होतं.

बाबाजींनी माझ्यात पाय घातला. काय तो पाय! कातळावर चालून पसरलेला, टाचेला भेगा, अंगठा भलतीकडे तोंड करून. इटलीहून मी याच्यासाठी आलो? मी त्यांना दुकानातच चावलो. ते काही बोलले नाहीत. घरी येऊन टाचेशी कापूस लावला आणि पुन्हा घातला. असल्या सोसण्याची मला चीड होती. चावलं तर ओरडावं माणसाने.

उपेंद्रचं घर दुबई मरीनात होतं. टॉवर नवा, आजूबाजूला सगळ्या क्रेन आणि उडणारी वाळू. दाराशी बुटांचा रॅक होता आणि तिथून हॉलमधलं सगळं ऐकू यायचं. म्हणून मला कळलं की बाबाजींची बायको, प्रभावती, आदल्या वर्षी गेली होती. म्हातारा गावी एकटा राहिला होता. उपेंद्रने त्यांना इथे आणलं ते नुसतं युरोप दाखवायला नव्हे.

"टूरहून आलो की तुमच्या रेसिडेन्स व्हिसाला टाकतो," तो म्हणाला. "मग कायमचं इथेच. गावचं खलास."

"बघू," बाबाजी म्हणाले. "तुमच्यात माझं जमतंय का ते आधी बघू दे."

"जमायचं काय त्यात, बाबा?" उपेंद्रची बायको अर्चना स्वयंपाकघरातून म्हणाली. "घर तुमचंच आहे."

ज्याचं घर असतं त्याला असं कोणी सांगायला जात नाही. पण रॅकवरच्या बुटाचं मत कोण विचारतो?

टूर सुरू झाली. बाबाजींचा युरोपचा व्हिसा मुंबईहून करून आणलेला होता, बाकीच्यांचे दुबईतून. मित्रांनो, सहलीला निघालेल्या माणसासारखा आंधळा प्राणी मी पाहिलेला नाही. बस थांबली की उतरायचं, कशासमोर तरी उभं राहून दात दाखवायचे, बसमध्ये चढायचं, पुऱ्यांचं पुडकं सोडायचं आणि लोणचं कुणाकडे आहे म्हणून ओरडायचं. कुठे होतो, ते संध्याकाळी फोटो बघून ठरवायचं. उपेंद्रची मुलगी तनया दुबईतच वाढलेली. ती एकटीच कधी खरं बोलायची.

"मम्मी, इज धिस द सेम चर्च ॲज यस्टरडे?"

"नाही गं, हे वेगळं. हे बरोक आहे."

"व्हॉट्स बरोक?"

"ते... जास्त सोनं असतं ते."

ऑस्ट्रियातलं ते एक जुनं शहर होतं. नाव मला नीट उच्चारता येत नाही. चुकीचं सांगण्यापेक्षा न सांगितलेलं बरं. गोल पाठीच्या दगडांची गल्ली होती आणि ते दगड माझ्या तळाला सारखे टोचत होते. गल्ली एका चौकात संपली. चौकाच्या टोकाला ते चर्च. दार सताड उघडं होतं आणि पायऱ्यांवरून आतलं दिसत होतं. पिळून काढलेल्या कापडासारखे खांब, सोन्याचे किरण, ढगांवर बसलेली दगडाची गुबगुबीत पोरं. वर छतावर असं आकाश रंगवलेलं की छत काढूनच टाकलंय असं वाटावं. जिथे म्हणून जागा मोकळी राहिली असती तिथे कोणीतरी फुलं, पानं नाहीतर पंख चिकटवले होते. शारजाच्या लग्नाच्या हॉलमध्ये असाच गच्च थाट असतो असं मी ऐकून आहे. पण हे तसं नव्हतं. कसं होतं ते मला सांगता येणार नाही, माझी भाषा तिथे अपुरी पडते. खाली मात्र काळ्या-पांढऱ्या संगमरवराची जमीन होती, आरशासारखी, आणि ती पाहून मला वाटलं, माझ्या लायकीची जमीन आज पहिल्यांदा दिसली.

आमच्या मंडळींपैकी एकाने आत डोकावून निकाल दिला, "याच्याहून जास्त सोनं आपल्या दुबईच्या गोल्ड सूकच्या, सोनेबाजाराच्या, एका गल्लीत आहे."

बाकीचे हसले आणि आत गेले, बूट आपटत.

बाबाजी दारात उभे राहिले. त्यांनी बराच वेळ वर पाहिलं. मग ते पायरीवर बसले आणि माझ्या लेसला हात घातला.

उपेंद्र धावत परत आला. "बाबा! काय करताय?"

"बूट काढतोय."

"इथे काढत नाहीत. बघा, सगळे घालूनच जातायत."

"जाऊ देत ते. समोर देवापुढे दिवे लावलेत रे. मला नाही जमायचं."

"बाबा, हे टुरिस्ट प्लेस आहे! देव बघायला कोण येतंय इथे? सीलिंग बघायला येतात."

"मग सीलिंग अनवाणी दिसत नाही काय?"

उपेंद्रने मागे वळून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "राजन सर येतायत. ते ख्रिश्चन आहेत, त्यांच्या चर्चमध्ये काय करतात काय नाही ते त्यांना माहीत. प्लीज, बाबा. चारचौघांत माझी लाज काढू नका."

बाबाजींचे हात माझ्या लेसवर थांबले. घाईत ओढाओढ करून त्यांनी तिची निरगाठ करून ठेवली होती.

"मग मी इथेच बसतो," ते म्हणाले. "तुम्ही बघून या."

"तेच बरं," उपेंद्र म्हणाला.

एवढंच म्हणाला तो. आई गेल्यावर ज्या बापाला समुद्र ओलांडून घरी आणलं, त्याला परक्या गावात देवळाच्या पायरीवर बसवून ठेवायला पोराला एवढं बोलणं पुरलं. मला त्या क्षणी उपेंद्रची किळस आली. बाबाजींचा रागही आला, कारण ते उठून ओरडले नाहीत. आणि संगमरवर हुकला म्हणून मी हळहळत होतो, हेही लपवत नाही.

तेवढ्यात राजन आले. सोनेरी काड्यांचा चष्मा, पोटाचा घेर मोठा. ते केरळचे, हिंदी बोलताना शब्द अंमळ गोल करायचे.

"क्या हुआ अंकल, थक गये?"

"नहीं साहब. जूता निकालने का था. पर बोलते, इधर निकालते नहीं."

उपेंद्र मध्येच हसला. "सर, ओल्ड पीपल, यू नो."

राजन हसले नाहीत. त्यांनी बाबाजींकडे पाहिलं, मग दाराकडे.

"हमारे गाँव का चर्च है ना, अंकल, उधर सब लोग चप्पल बाहर छोड़ता है. मेरा अम्मा तो अभी भी नंगा पाँव जाता है." ते आत बघत म्हणाले, "मैं इतना चर्च देखा इस टूर में. एक जगह भी याद नहीं आया."

आणि ते पायरीवर बाबाजींच्या शेजारी बसले, हुश्श करत वाकले आणि आपले बूट काढले. मग त्यांचं लक्ष माझ्या निरगाठीकडे गेलं आणि त्यांनी हात पुढे केला.

"सर! सर, प्लीज!" उपेंद्र जवळजवळ किंचाळला. "मी करतो... आय मीन, मैं करता हूँ!"

तो गुडघ्यांवर बसला. इस्त्रीची पँट त्या दगडांवर टेकली. क्षणापूर्वी जी लेस त्याची लाज काढणार होती, ती तो आता दातांनी सोडवायला तयार होता. "बाबा, तुम्ही पण ना! नीट सांगायचं ना मला," तो साहेबांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला. मग त्याने स्वतःचे बूट काढले. "सर, हमारे में भी सेम. टेंपलमध्ये वी ऑल्वेज रिमूव्ह." मग अर्चनाला हाक मारली. आत गेलेल्यांना बाहेर बोलावलं. "यल्ला, यल्ला, चलो, सब लोग शूज निकालो! रिस्पेक्ट, यार, रिस्पेक्ट!"

आणि काढले हो सगळ्यांनी. जे आपटत आत गेले होते ते मोज्यांवर बाहेर-आत करू लागले. पाहता पाहता पायरीवर बुटांची रांग लागली. चर्चमधून बाहेर पडणारी एक गोरी आजी थबकली, रांगेकडे पाहिलं, आणि मग भिंतीला धरून स्वतःच्या बुटांचे तळ उलटून पाहिले.

"पप्पा," तनया म्हणाली, "बट यू टोल्ड हिम नॉट टू!"

"तनया, गो इनसाइड."

बाबाजी सगळ्यांच्या शेवटी उठले. उपेंद्र अनवाणी उभा होता, साहेबांकडे बघत. बाबाजी त्याच्या पायांकडे बघत होते.

"काढलेस होय रे?"

"हो मग! काढायलाच हवेत ना, बाबा."

बाबाजी आत गेले. मी बाहेर राहिलो. आत त्यांनी काय पाहिलं, किती वेळ मान वर करून उभे राहिले, हे मला ठाऊक नाही, आणि रचून सांगायला मी काही उपेंद्र नव्हे. एवढंच सांगतो, ते परत आले आणि माझ्यात पाय घातला तेव्हा तो पाय बर्फासारखा गार होता. त्या दिवशी मी चावलो नाही. चावण्यासारखं त्यात काही राहिलंच नव्हतं.

दुबईला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी घरी पाहुणे जमले. त्यांच्या बुटांचा ढीग माझ्या अंगावर पडला आणि त्या ढिगाखालून मी उपेंद्रचं भाषण ऐकलं.

"चर्चच्या दारात मी म्हटलं, थांबा! आधी बूट काढा! अरे, देव कुणाचाही असो, आपले संस्कार आहेत की नाहीत? राजन सर तर बघतच राहिले. म्हणाले, उपेंद्र, यू हॅव व्हॅल्यूज."

"वा!" पाहुणे म्हणाले. "आजकाल कोण करतं असं?"

"काका, तुम्हाला कसं वाटलं चर्च?" कोणीतरी बाबाजींना विचारलं.

"छान होतं," बाबाजी म्हणाले. "जमीन गार होती."

सगळे हसले. म्हाताऱ्याने विनोद केला असं त्यांना वाटलं. त्या खोलीत डोकी बरीच होती, पण त्यापेक्षा आमच्या ढिगात जास्त अक्कल होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपेंद्र ऑफिसला निघताना दाराशी आला. "बाबा, पासपोर्ट द्या. व्हिसाचा अर्ज आज टायपिंग सेंटरला टाकून येतो."

"पासपोर्ट घे," बाबाजी म्हणाले. "पण व्हिसा नको. माझं परतीचं तिकीट काढ."

"म्हणजे? का? काय कमी पडलं तुम्हाला इथे?"

"काही नाही."

"अर्चना काही बोलली?"

"छे रे. चांगली आहे ती."

"मग? मी बूट काढले ना तुमच्यासाठी!"

बाबाजी रॅकच्या कडेला टेकले. आवाज चढला नाही. मला वाटलं होतं, निदान आज तरी चढेल.

"माझ्यासाठी नाही काढलेस, उपेंद्र. साहेबासाठी काढलेस. मी जेवताना मांडी घातली, खिडकीत पंचा वाळत टाकला, लिफ्टमध्ये कुणाला मोठ्याने हाक मारली, की तू आधी मागे बघणार, कोण येतंय का. दर वेळी मला वाचवायला साहेब कुठून येणार?"

उपेंद्रने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. मग म्हणाला, "असं काही नाही हो, बाबा. तुमचा गैरसमज आहे." मग त्याने श्वास सोडला. मित्रांनो, मी बूट आहे. दाबून धरलेली हवा सुटते तेव्हा तिचा आवाज मला ओळखता येतो.

"मग," तो म्हणाला, "सकाळच्या फ्लाइटचं बघू का? रात्रीची तुम्हाला त्रासाची पडेल."

बाबाजी चपला घालून गावी गेले. मला बरोबर नेलं नाही आणि मला त्याचं वाईट वाटलं. वाईट वाटलं याचंच मला आश्चर्य वाटतं. अर्चनाने आम्हा दोघांना पिशवीत घालून खाली वॉचमन कमरुद्दीनला दिलं. तो एकावर एक दोन-दोन मोजे चढवून आम्हाला घालतो. त्याच्याबद्दलही माझं मत फारसं चांगलं नाही. तो चालताना पाय घासतो.

आमच्यासारख्या वस्तूंनी शेवटी तुमच्याकडे काहीतरी मागायची रीत आहे. पॉलिश करा, उन्हापासून जपा, अडगळीत टाकू नका, असं काहीतरी. मला त्यातलं काही नको. माझं ऐका म्हणायला मी कोण, हा प्रश्नही आहेच. तरी ऐका. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस कधीतरी चारचौघांत असं काही करायला वाकेल की तुम्हाला लाज वाटेल. त्या वेळी मागून कोण येतंय ते बघायला मान वळवू नका. तुम्ही मान वळवून परत आणेपर्यंत ते माणूस म्हणालेलं असतं, "मी इथेच बसतो." त्यानंतर तुम्ही अख्ख्या गावाचे बूट उतरवले तरी ते त्याच्या कामाचे नसतात.

निदान त्या दारात तरी नव्हते.