दोन पाय लांब, दोन आखूड

मित्रांनो, आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून हसायला नको. मी एक जुने जेवणाचे टेबल आहे आणि माझे दोन पाय लांब आहेत, दोन आखूड. समुद्राकडचे लांब, घराकडचे आखूड. सुताराला मोजता येत नव्हते असे मात्र मुळीच समजू नका.

माझा जन्म एका लहानशा बेटावर, किनाऱ्याच्या उतारावर, बदामाच्या मोठ्या झाडाखाली झाला. तिथे सगळ्यांच्या मावशीची खानावळ होती. खानावळ म्हणजे काय, तर एक चूल, एक छप्पर आणि सुट्टीला बेटावर येणारी भुकेली माणसे. ती वाळूत फतकल मारून जेवत. वारा सुटला की मासा कमी आणि वाळू जास्त. शेवटी मावशीने आपल्या भावाला, म्हणजे मामाला, बोलावले. तो होड्या बांधत असे. टेबल त्याने जन्मात केले नव्हते.

"जमीन उतरती आहे रे. खणून सपाट कर आधी," मावशी म्हणाली.

"होडीसाठी कुणी समुद्र सपाट करतं का ताई? जमीन राहू दे आहे तशी. मी पाय तसे करतो."

मामाने चार चपटे दगड मातीत पुरले. मोडीत निघालेल्या होडीच्या फळ्या जोडून मला घडवले आणि त्या दगडांवर उभे केले. मग पाण्याने काठोकाठ भरलेली वाटी माझ्या पाठीवर ठेवायची आणि थेंब ओघळला की पाय थोडा तासायचा, असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी थेंबही हलला नाही. मामा मिशीत हसला आणि माझ्या एका लांब पायावर त्याने बोटभर मासा कोरला.

"हा मासा समुद्राकडे बघत राहिला पाहिजे. एवढं लक्षात ठेवलंत की झालं."

आणि पहिल्याच आठवड्यात ते विसरले कोण? मावशीची सात वर्षांची लेक, बेबी. मैत्रिणींना गोळा करून तिने मला समुद्रावर नेले, घासूनपुसून आंघोळ घातली आणि परत आणून नेमके उलटे ठेवले. दुपारी गरम कालवणाची वाटी सरकत सरकत गेली ती थेट एका मास्तरांच्या मांडीत! मास्तर उडालेच.

"बेबे, मासा उलटा ठेवलास ना?" चुलीपाशी बसलेली मावशी ओरडली.

तेव्हापासून त्या घरात काहीही बिनसले, भात करपला काय नि वेणी वाकडी झाली काय, की "मासा उलटा!" असे म्हणायची रीतच पडली.

माझे ते दिवस काय सांगू! माणसे ओल्या केसांनी, अनवाणी येत. कुणाला घाई नसे. मावशी विचारी, "काय हवंय?" आणि उत्तराची वाट न बघता त्या दिवशी जे शिजवले असेल ते वाढी. तिचा नियम एकच होता. लिंबाच्या फोडींची ताटली माझ्यावर एकच ठेवायची, अगदी मधोमध.

"एक काय पुरणार मावशी?" कुणी विचारलेच, तर ती म्हणे, "पुरत नाही म्हणूनच ठेवते. मागा की एकमेकांकडे. तोंड काय फक्त जेवायला दिलंय?"

मग या टोकाचे आजोबा त्या टोकाच्या नव्या नवरीला म्हणत, "सूनबाई, लिंबू सरकवा जरा." लिंबू येई आणि लिंबामागून गप्पा येत. जेवण आटोपले तरी उठायला कुणी तयार नसे. आजोबा माझ्यावर डोके टेकून तिथेच डुलकी काढत. गुडघ्याएवढी आलेली पोरे पुढे आपली पोरे घेऊन आली आणि माझ्या फळ्यांतली होडीच्या खिळ्यांची जुनी भोके त्यांना दाखवू लागली. होडीचे लाकूड मी, पण वाटायचे, हाच माझा खरा प्रवास.

पुढे मावशीचे गुडघे थकले आणि कारभार बेबीकडे आला. बेबीने शेजारी गुळगुळीत फरशीची खोली बांधली. तिच्यात सहा छोटी टेबले, प्रत्येकावर लिंबाची वेगळी ताटली. "आई, आता लोकांना आपापलं बसायला आवडतं," ती म्हणाली. तिचे काही वाईट नव्हते हो. मावशीच्या शब्दाखातर तिने मलाही आत नेले. पण सपाट फरशीवर मी कसे दिसणार? कुणीतरी गुडघे टेकल्यासारखे! वाट्या घसरू लागल्या. पाहुणे आधी हसले, मग वैतागले. मग माझ्यावर टोपल्या आल्या, कांदे आले आणि पायांत कोळिष्टके लागली.

एके दिवशी बेबीने म्हाताऱ्या मामाला बोलावले. "मामा, याचे लांब पाय कापून सारखे करा. नाहीतर मी फोडून चुलीत घालते."

मामाने करवत बाहेर काढली. पाय एकदा कापले की बदामाखालची माझी जागा कायमची गेली. मावशी दारात उभी होती, पण कारभार आता लेकीचा. पदराचे टोक नुसते पिळत राहिली.

करवत टेकवता टेकवता मामा थांबला. "एकदा जुन्या जागी बघू दे मला. तिथंही डुगडुगलं तर कापतो. शब्द माझा."

चौघांनी मला बाहेर नेले. मामाने पायाच्या बोटांनी पालापाचोळा उकरला. चारही दगड जागच्या जागी होते! मला त्यावर ठेवले. बेबीने काठोकाठ भरलेली वाटी आणली.

पाणी भसकन सांडले.

मामाचा चेहरा पडला. "दगड खचले वाटतं," तो पुटपुटला आणि खाली वाकून करवत उचलू लागला. मी डोळे मिटले असते, पण ते मला नाहीत.

तेवढ्यात बेबी माझ्या पायापाशी मटकन बसली. तिचा हात लाकडावरून फिरत एका जागी थांबला. ती मामाकडे बघून खुदकन हसली, अगदी सात वर्षांच्या बेबीसारखी.

"मामा, करवत ठेवा! मासा उलटा आहे!"

मला फिरवले. दुसरी वाटी ठेवली. थेंब हलला नाही.

हसण्याचा गलका ऐकून आत जेवणारे पाहुणे हातात ताटल्या घेऊन बाहेर आले. बसू का म्हणून कुणी विचारलेही नाही. मावशी टेबलाच्या टोकाला आपल्या जुन्या जागी बसली. बेबी आत गेली, सहा ताटल्यांमधल्या लिंबाच्या फोडी तिने एकाच ताटलीत ओतल्या आणि ती ताटली माझ्या मधोमध ठेवली. मामाची करवत त्या दिवशी बदामाच्या फांदीवर टांगली गेली. आता तिच्यावर ओले टॉवेल वाळतात.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. गरम भांडे माझ्यावर थेट टेकवू नका. खारे पाणी सांडले तर कोरड्या फडक्याने पुसा. वर्षातून एकदा मला थोडे तेल पाजा. आणि तुमच्या घरातले एखादे जुने टेबल, खुर्ची, हो, एखादे माणूसही, डुगडुगायला लागले, तर करवत आणण्याआधी त्याची खरी जागा कुठली होती ते बघा. नीट फिरवून बघा.

चला, दुपार झाली. बसा. आणि ते लिंबू जरा पलीकडे सरकवा.